समुपदेशकाकडे पहिल्यांदा जाताना: बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्यांसाठी

दवाखान्यात कसं जायचं हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक असतं. नंबर लावायचा, जीभ दाखवायची, गोळ्या घ्यायच्या, पथ्य विचारायचं. समुपदेशकाच्या खोलीत मात्र बोलायला कुठून लागायचं आणि समोरचा माणूस नेमकं काय देणार, याची काहीच कल्पना नसते. मग लोक एकतर येतच नाहीत, किंवा आले तर पहिल्याच भेटीत विचारतात, "मॅडम, गोळी नाही तर मग फी कशाची?" प्रश्न रास्त आहे. मी या भागात समुपदेशनाचं काम करते. पहिल्यांदा येणाऱ्याला आधीच कुणीतरी सांगायला हव्या होत्या, अशा गोष्टी इथे लिहिते आहे. उदाहरणं अनेकांच्या अनुभवांची सरमिसळ करून घेतली आहेत, कुणा एकाची गोष्ट त्यांत शोधू नये.

ही पद्धत कुठली

मी ज्या वाटेने काम करते तिला व्यक्तिकेंद्रित समुपदेशन म्हणतात. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स (१९०२–१९८७) यांनी १९४०च्या दशकात ती मांडायला सुरुवात केली. तोवरचा रिवाज असा, की तज्ज्ञाने निदान करायचं, अर्थ लावायचा आणि पुढे काय ते सांगायचं. रॉजर्स म्हणाले, की आपल्याला कुठे दुखतंय आणि कुठल्या दिशेला जायचंय हे येणाऱ्या माणसालाच जास्त कळतं, तज्ज्ञाने तिथवर त्याच्यासोबत चालायचं. त्यासाठी समुपदेशकात काय असायला हवं हे त्यांनी १९५७ साली मांडलं. त्यातल्या तीन गोष्टी आज कुठल्याही अभ्यासक्रमात पहिल्यांदा शिकवतात. समोरच्याच्या जागी उभं राहून समजून घेणं, अटी न घालता त्याला स्वीकारणं, आणि स्वतः मुखवटा न घालता खरं वागणं.

याला दुसरा धागा जोडलेला आहे, तो संपूर्ण माणूस बघण्याचा. जॉर्ज एंगेल या अमेरिकन डॉक्टरांनी १९७७ साली आजाराकडे बघण्याची एक चौकट मांडली. शरीर, मन आणि भोवतालचा समाज अशा तिन्ही अंगांनी आजार समजून घ्यावा, असं तिचं सार. आपल्याकडच्या जुन्या वैद्यांना यात काही नवल वाटलं नसतं. पण आजच्या ओपीडीत, जिथे माणसाला दोन मिनिटं मिळतात, तिथे हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

जायचं की नाही, हे कसं ठरवायचं

"मी उदास आहे" असं म्हणत आपल्याकडे फारसं कुणी येत नाही. येतात ते छातीत धडधड, डोकं जड, पोटात आग, हातापायाला मुंग्या असं सांगत. ईसीजी नॉर्मल, सोनोग्राफी नॉर्मल, तरी धडधड थांबत नाही. दोनतीन डॉक्टर झाल्यावर कुणीतरी हळूच म्हणतं, जरा टेन्शन कमी करा. ते कसं करायचं, हे मात्र सांगत नाही.

माझा ठोकताळा साधा आहे. झोप, भूक, काम आणि माणसांत मिसळणं या चारांपैकी दोन गोष्टी दोन आठवड्यांहून अधिक काळ बिघडल्या असतील, तर जाऊन यावं. पण आजारच असायला हवा असं काही नाही. लग्नाला होकार द्यायचा की नाही, वडील गेल्यावर घरात बोलणंच बंद पडलंय, बारावीला मार्क पडले पण पुढे काय करायचं ते सुचत नाही, हीसुद्धा येण्याची चांगली कारणं आहेत. "एवढ्याशा गोष्टीसाठी कशाला" असं म्हणणारी माणसं बहुतेक वेळा खूप मोठी गोष्ट घेऊन आलेली असतात.

थांबू नये अशी वेळ मात्र ओळखून ठेवा. कुणी मरणाची भाषा करत असेल, निरवानिरव करत असेल, कुणी नसताना आवाज ऐकू येतात म्हणत असेल, दिवसरात्र न झोपता भलतंच धाडस करत असेल, तर समुपदेशकाची तारीख मिळायची वाट बघत बसू नका. जवळच्या मोठ्या दवाखान्यातला अपघात विभाग गाठा, ११२ किंवा १०८ला फोन करा. टेली-मानस ही केंद्र सरकारची दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ला सुरू झाली. १४४१६ हा तिचा क्रमांक. फोन मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि भाषा निवडता येते. "तुझ्या मनात जीव द्यायचे विचार येतात का?" असं सरळ विचारलं तर ते विचार डोक्यात शिरतील, ही भीती खोटी आहे. विचारल्याने उलट बोलायला वाट मिळते. आणि शेतकरी घरांत एक काम त्याच दिवशी करा. फवारणीच्या औषधाचे डबे घरातून हलवा आणि कुलपात ठेवा, किल्ली दुसऱ्याकडे द्या. आवेगाची ती वेळ पुष्कळदा थोडकी असते, आणि तेवढ्या वेळात डबा हाताशी नसणं जीव वाचवू शकतं.

जीव द्यायचा प्रयत्न झालेल्या माणसाला घेऊन जाताना पोलिसांच्या भीतीने घरचे खोटं कारण सांगतात. असा माणूस प्रचंड ताणाखाली होता असंच धरावं, असं मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ सांगतो. डॉक्टरांपासून खरं लपवू नका, उपचार त्यावरच अवलंबून असतात.

कुणाकडे जायचं

पाट्या पुष्कळ, आणि सगळ्यांवर 'मन' हा शब्द असतो. फरक एवढाच लक्षात ठेवा. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे सायकियाट्रिस्ट. ते एमबीबीएसनंतर या विषयात एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेले डॉक्टर असतात आणि औषधं लिहून देतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषधं देत नाहीत, तपासण्या आणि मानसोपचार करतात. भारतीय पुनर्वास परिषदेत, म्हणजे आरसीआयमध्ये, त्यांची नोंदणी असते. समुपदेशक म्हणजे मानसशास्त्र, समुपदेशन किंवा समाजकार्यात एमए, एमएससी, एमएसडब्ल्यू केलेली माणसं. अडचण या तिसऱ्या गटात आहे. चार दिवसांचं शिबिर करूनही इथे पाटी लावणारे लावतात. म्हणून शिक्षण विचारायला लाजू नका. गवंडी ठरवताना आपण त्याने बांधलेली दोन घरं बघून येतो, इथे तर स्वतःचं मन हातात द्यायचं आहे.

सरकारी वाट स्वस्त आहे, बऱ्याचदा फुकट. बेळगावात जिल्हा रुग्णालयात, म्हणजे बिम्समध्ये, मानसोपचार विभाग आहे. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यांत ठरावीक दिवशी मानसोपचारतज्ज्ञ येतात. राज्याच्या 'मनोचैतन्य' योजनेत त्यासाठी मंगळवार नेमला होता, तरी निघण्याआधी आपल्या तालुक्याचा वार विचारून घ्या. नेहरूनगरला केएलईचं मोठं रुग्णालय आहे. गुंतागुंतीच्या आजारासाठी धारवाडची डिमहान्स ही सरकारी संस्था बेळगावपासून पाऊणशे-ऐंशी किलोमीटरवर आहे. निपाणी, संकेश्वरकडच्यांना कोल्हापूर जवळ पडतं, तिथलं सीपीआर रुग्णालय त्यांच्या ओळखीचंही असतं.

कोल्हापूरला जाण्याचं खरं कारण पुष्कळदा वेगळं असतं, तिथे आपल्याला कुणी ओळखत नाही. बेळगावच्या खडेबाजारात एका टोकाला शिंकलं तर दुसऱ्या टोकाला मावशी विचारते, सर्दी झाली का म्हणून. मी याला पळपुटेपणा म्हणत नाही. लांब गेल्याने तोंड उघडणार असेल तर लांब जा. फक्त दर आठवड्याला तेवढा प्रवास झेपेल का याचा हिशेब आधी करा, कारण तिसऱ्या भेटीनंतर बसभाड्यापायी थांबलेले लोक मी पाहिले आहेत.

फोनवर किंवा व्हिडिओवर बोलण्याची सोय आता बऱ्याच जणांकडे असते. जांबोटी-कणकुंबीकडे रेंज दगा देते, तेव्हा व्हिडिओचा हट्ट न धरता साधा फोन करा. घरात एकांत नसेल तर शेताकडे जाऊन बोला, चालत बोलायलाही हरकत नाही.

पहिला फोन

फोनवर आपली कहाणी सांगायची गरज नाही. "पहिल्यांदाच येतोय" एवढं सांगून विचारा: तुमचं शिक्षण काय, एका भेटीची फी किती, भेट किती वेळाची, मराठीत बोलता का, गरज पडली तर कुठल्या सायकियाट्रिस्टकडे पाठवता. उत्तरं सरळ आली तर पुढे जा. "तीन सिटिंगमध्ये गॅरंटी" असं ऐकू आलं तर फोन ठेवा.

भाषेचं काय

हा मुद्दा पुण्यात छापलेल्या मार्गदर्शक पुस्तिकेत सापडणार नाही, म्हणून जरा थांबते.

आपल्यापैकी बहुतेकांच्या तोंडात दोन-तीन भाषा एकत्र नांदतात. आजीशी मराठी, शेजारी कन्नड, बाजारात दोन्ही, कामावर हिंदी, मुलांच्या शाळेचं इंग्रजी. काही घरांत सून कन्नड माहेरची, तर मुलगी कन्नड सासरी गेलेली. समुपदेशकाकडे गेल्यावर शुद्ध काहीतरी बोलायला हवं असं वाटून माणूस पुस्तकी होतो, आणि पुस्तकी भाषेत दुःख सांगता येत नाही. जसं घरी बोलता तसंच बोला. मध्येच कन्नड आलं तर येऊ दे. रागाची भाषा एक आणि लाडाची दुसरी असं बऱ्याच जणांचं असतं, आणि कुठल्या गोष्टीला कुठली भाषा आली यावरून मला पुष्कळ कळतं.

समुपदेशक कन्नडच बोलणारे असतील आणि तुमचं कन्नड बाजारापुरतं असेल, तर दुभाष्या लागतो. नवरा, सासू किंवा पोटचा मुलगा यांना दुभाष्या करू नका. नवऱ्याच्या तोंडून बायकोचं म्हणणं डॉक्टरांपर्यंत पोचतं तेव्हा त्यातलं अर्धं वाटेतच गळतं, आणि बऱ्याचदा नेमकं महत्त्वाचं तेवढंच. दवाखान्यातल्या एखाद्या सिस्टरना विनंती करा, किंवा फोनवर मराठी बोलणारा दुसरा समुपदेशक शोधा.

फॉर्म कन्नड किंवा इंग्रजीत असतात. कळल्याशिवाय सही करू नका. संमती ही माणसाला समजेल अशा भाषेत आणि पद्धतीने माहिती दिल्यानंतरच घ्यायची, हे २०१७च्या कायद्यातच लिहिलं आहे. "मला हे मराठीत वाचून दाखवा" असं म्हणणं म्हणजे भांडण काढणं नव्हे.

सीमाप्रश्नही खोलीत येतो. १९५६च्या राज्य पुनर्रचनेपासून तो आपल्या घराघरांत आहे, आजोबांच्या आठवणीत आहे, नोकरीच्या अर्जात आहे. १ नोव्हेंबर, म्हणजे कर्नाटक राज्योत्सवाचा दिवस, जवळ आला की काही जणांची झोप खरोखर उडते. कन्नड कच्चं म्हणून संधी हुकली असं सांगणारा मुलगा राजकारण करत नसतो, स्वतःची गोष्ट सांगत असतो. समुपदेशकाने ती ऐकायची. तिथे या बाजूचं किंवा त्या बाजूचं भाषण सुरू झालं, तर ते समुपदेशन उरत नाही.

जाण्याआधी एक कागद

वहीचं एक पान घ्या आणि तुटक तुटक लिहा. कधीपासून त्रास आहे, त्याच सुमाराला घरात काय घडलं होतं. झोप किती वाजता लागते, किती वाजता मोडते. चालू गोळ्यांची नावं, त्यात ब्लडप्रेशर, शुगर, थायरॉईड, गर्भनिरोधक आणि आयुर्वेदिक काढेसुद्धा. तंबाखू, गुटखा, मिश्री, दारू, मोबाइलवरचा पत्त्यांचा जुगार, जे असेल ते. कर्ज असेल तर त्याचा आकडा. घरात कोणाशी बोलता येतं, कोणाशी नाही. देवधर्म करता का, आणि त्याने बरं वाटतं की भीती वाढते. लिहिता येत नसेल तर मुलीकडून लिहून घेऊ नका, नुसतं मनात ठेवून या.

हे सगळं कशाला, असं वाटेल. निपाणीकडची एक बाई डोळ्यांसमोर आणा. पन्नाशीच्या आसपासची, विड्या वळणारी, हजार विड्यांमागे ठरलेल्या दराने मजुरी. तक्रार काय, तर चिडचिड आणि रात्री झोप नाही. कुणी म्हणेल पाळी जाण्याचं वय आहे, कुणी म्हणेल नवऱ्याची दारू, कुणी म्हणेल डिप्रेशन. संपूर्ण माणूस बघायचा तर यातलं काहीच सोडायचं नाही आणि एकालाच धरूनही बसायचं नाही. दिवसभर मान खाली घालून सूप मांडीवर, म्हणजे मान आणि पाठ दुखणारच, आणि दुखऱ्या पाठीला झोप लागत नाही. हिमोग्लोबिन, थायरॉईड, बी-१२ आणि साखर तपासून घ्यायला तिला आधी डॉक्टरांकडे पाठवायचं, कारण रक्त कमी असलं किंवा थायरॉईड बिघडलेलं असलं तरी माणूस थकतो, चिडतो, रडतो. ते राहून गेलं तर महिनोन् महिने बोलत बसूनही काही होणार नाही. नवऱ्याच्या पिण्याचं विचारायचं, मारझोड होते का हेही एकांतात विचारायचं. घरातला पैसा कोणाच्या हातात असतो ते विचारायचं.

आणि मग तिला विचारायचं, यातलं आधी काय घेऊ या?

माझ्या मते दारू. तिच्या मते माहेर. भावाने सांगितलं म्हणून तिने हक्कसोडपत्रावर सही केली, आणि त्यानंतर पंचमीला माहेरचं बोलावणंच बंद झालं. जमिनीचं तिला फारसं काही नाही, पण सणाला झोक्यावर बसायला आता घर उरलं नाही, हे तिने कुणालाच सांगितलेलं नव्हतं. अशा वेळी दारूचा मुद्दा मी पुढे रेटला, तर ती मान डोलावते आणि पुढच्या वेळी येत नाही. तिच्या वाटेने गेलं, तर काही भेटींनंतर दारूचा विषय तीच काढते. व्यक्तिकेंद्रित म्हणतात ते प्रत्यक्षात असं असतं. मारझोडीची गोष्ट मात्र अशी मागे ठेवता येत नाही. जिवाला धोका असेल तर सुरक्षिततेचं आधी बोलावं लागतं, आणि तसं मी स्पष्ट सांगते.

पहिला तास

भेट साधारण पाऊण तास ते तासाभराची असते. सुरुवातीला समुपदेशकाने गोपनीयतेबद्दल सांगायला हवं. नाही सांगितलं तर तुम्ही विचारा. इथलं बोलणं बाहेर जात नाही. तुमच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल, किंवा न्यायालयाचा आदेश असेल, तेव्हा अपवाद करावा लागतो. अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर २०१२च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे ते पोलिसांना कळवावंच लागतं. ही मर्यादा आधी कळलेली बरी.

मग बहुधा विचारतील, "कुठून सुरू करू या?" आणि गप्प बसतील. ही शांतता नव्या माणसाला फार खुपते. घाई नाही. रडू आलं तर येऊ दे, कागदी रुमालाचा डबा त्यासाठीच ठेवलेला असतो. काहीच सुचलं नाही तर "काय बोलायचं कळत नाही" हेच म्हणा, सुरुवात तिथूनही होते.

सल्ला मिळेल या आशेने येणाऱ्यांची इथे निराशा होते. बेळगावच्या उद्यमबागेत फौंड्रीत काम करणारा एक तरुण समजा विचारतो,

"मॅडम, तुम्हीच सांगा, गोव्याला जाऊ का इथंच राहू?"

"गोव्याचं बोलताना तुम्ही पगार सांगितलात. इथलं बोलताना आवाज खाली गेला. इथं काय आहे?"

"इथं... बाबांचं डायलिसिस आहे. आठवड्यातनं दोनदा. मी गेलो तर आईला एकटीला जमायचं नाही. आणि नाही गेलो तर मी आयुष्यभर बाबांवर राग धरून बसीन, हेबी कळतंय मला."

"हा राग कुणाला सांगितलाय?"

"आज पहिल्यांदाच."

मी जा म्हणाले असते किंवा राहा म्हणाले असते, तर हे वाक्य आलंच नसतं. निर्णय अजून झालेला नाही हे खरं. पण तो आता कशाबद्दल घ्यायचा आहे, ते त्याला दिसलं.

माझं एक मत इथे नोंदवते, सगळ्यांना पटणार नाही. आपल्याकडे माणूस मोठ्या माणसाचा शब्द ऐकायच्या सवयीने येतो. त्याच्यासमोर मी केवळ आरसा धरून बसले, तर त्याला ती टाळाटाळ वाटते. म्हणून माहिती मी मोकळेपणाने देते. झोप सुधारायची तर काय करावं, कुठली तपासणी कुठे होते, कोणत्या योजनेचा अर्ज कुठे करायचा, धडधड सुरू झाली की श्वास हळू कसा सोडायचा. निर्णय मात्र देत नाही. लग्न मोडावं का, जमीन विकावी का, मुलाला कोणत्या माध्यमात घालावं, याचं उत्तर देणारा समुपदेशक तुम्हाला पहिल्या दिवशी फार आवडेल. नंतर त्याच्या उत्तराप्रमाणे जगायचं मात्र तुम्हाला असतं.

घरचे आणि देवऋषी

सोबत आलेल्यांनी बाहेर बसावं. सुरुवातीची दहा मिनिटं सगळ्यांनी मिळून बोललो तरी चालतं, पण नंतरचा वेळ ज्याचा त्याचा. "काय म्हणाली ती?" असं सासऱ्यांनी दारात विचारलं, तर मी सांगत नाही, आणि फी त्यांनी भरलेली असली तरी सांगत नाही. यावरून रुसवे होतात, होऊ देत. घरी काय सांगायचं हे निघण्याआधी समुपदेशकाशीच ठरवून घ्या. "झोपेचा त्रास आहे, त्यासाठी जातेय" एवढं पुष्कळ घरांत पुरतं आणि ते खोटंही नसतं.

येण्याआधी बहुतेक जण देवऋषाकडे जाऊन आलेले असतात, सौंदत्तीच्या डोंगरावर नवस बोललेले असतात. हे लपवू नका. त्यावर हसणारा समुपदेशक मला चांगला वाटत नाही. यल्लम्माला गेल्याने एखाद्या बाईला दोन दिवस घराबाहेर मोकळा श्वास मिळत असेल, तर तोही तिच्या जगण्याचा भाग आहे. माझी रेघ एवढीच. मारहाण, उपाशी ठेवणं, अंगाला चटके देणं आणि चालू गोळ्या बंद करायला लावणं, यांतलं काहीही असेल तर तिथे परत जायचं नाही. उपचाराच्या नावाखाली मानसिक आजाराच्या माणसाला साखळीने बांधणं कायद्याने बंद आहे, मग ते घरी असो वा मठात.

ही पद्धत कुठे कमी पडते

नुसतं समजून घेऊन सगळं बरं होत नाही. भास होणं, पराकोटीची उदासी, अतिउत्साहाचे झटके, दारू सोडताना होणारी थरथर, यांना सायकियाट्रिस्ट आणि औषधं लागतात. दारू रोज भरपूर पिणाऱ्याने तर ती घरच्या घरी एका झटक्यात बंद करू नये, फिट येऊ शकते. पुन्हा पुन्हा हात धुणं, कुलूप तपासणं असा मंत्रचळ असेल, तर भीतीला थोडं थोडं सामोरं जायला शिकवणारी वेगळी पद्धत जास्त उपयोगी ठरते. चांगला समुपदेशक हे स्वतः सांगून पुढे पाठवतो. उदासीवरच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागू शकतात, आणि बरं वाटलं म्हणून मनाने बंद केल्या तर त्रास उलटतो. "सवय लागते" म्हणून शेजाऱ्यांनी घाबरवलं, तर डॉक्टरांना विचारा, शेजाऱ्यांना नको.

जमतंय का, आणि पुढे

तीन-चार भेटींनंतर स्वतःला विचारा: इथे मी खरं बोलतोय का? उत्तर नाही असेल तर ते समुपदेशकाला सांगा. "मागच्या वेळी तुम्ही घाईत वाटलात" असं मला कुणी तोंडावर सांगितलं, की मला बरं वाटतं, कारण तेव्हा काम सुरू झालेलं असतं. सांगूनही फरक पडला नाही तर दुसरीकडे जा. जातीवरून, भाषेवरून, धर्मावरून टोमणा मारणं, दुसऱ्या येणाऱ्याची गोष्ट तुम्हाला सांगणं, अंगाला नको तसा हात लावणं, स्वतःच्या धंद्यात पैसे गुंतवायला सांगणं, गोळ्या फेकून द्यायला सांगणं, यांतलं एकही घडलं तर तीन-चार भेटी कशाला, त्याच दिवशी उठा.

सुरुवातीला आठवड्याला एक, मग पंधरवड्याला, मग महिन्याला अशी भेटींची गती बहुतेकांची असते. काहींचं सहा-आठ भेटींत भागतं, काहींना वर्ष लागतं. उसाचं बिल कारखान्यात अडकलंय, लावणीचे दिवस आहेत, यात्रा आहे, अशा वेळी खंड पडतोच. तो सांगून पाडा, म्हणजे तुमची वेळ दुसऱ्याला देता येते आणि परत यायला तुम्हाला तोंड लपवावं लागत नाही. फी झेपत नसेल तर तसंही सांगा. बरेच समुपदेशक काही जागा कमी फीच्या ठेवतात, पण त्याची पाटी लावत नाहीत.

आणि पुण्याला किंवा गोव्याला नोकरीला जायचं ठरलं, तर शेवटच्या भेटीत दोन गोष्टी मागून घ्या: आतापर्यंत काय झालं याचं एक पानी पत्र, आणि औषधं चालू असतील तर सायकियाट्रिस्टची ताजी चिठ्ठी. मानसिक आजारावर उपचार घेणाऱ्याला आपल्या नोंदी मिळण्याचा हक्क कायद्याने दिला आहे. पत्र कन्नडात मिळालं तर इंग्रजीत मागा, म्हणजे तिकडच्या डॉक्टरांना वाचता येईल.